वसईचा दुभाष्या

नंदुरबारहून सुरतेला गेलं आणि तिथे मुंबईकडची गाडी पकडली, की विरारच्या पुढे वसई रोड स्टेशन लागतं. कळसाडीहून पहाटे निघालेली बाई दिवसभरात तिथे पोचते. त्या वसईतून साडेचारशे वर्षांपूर्वी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा जहाजात बसला आणि पार जपानला गेला. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. आज कॅथलिक लोक त्याला संत मानतात. भारतात जन्मलेल्या माणसांपैकी संत म्हणून जाहीर झालेला तो पहिला. पण मला आज त्याच्या संतपणापेक्षा त्याच्या कामाबद्दल बोलायचं आहे. तो दुभाष्या होता. एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगणारा.

हे काम आपल्याला नवं नाही. आपल्या पाड्यांवर घरात भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी चालते आणि बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात मराठी लागते. गटातली एखादी बाई नीट मराठी बोलते, म्हणून तिला प्रत्येक वेळी पुढे करतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलं की ज्या बाईला गुजराती येतं तीच मुकादमाशी बोलते. साहेब चिडला तरी तिच्यावर चिडतो, आणि आपल्या बायकाही म्हणतात, तू बरोबर सांगितलं नाहीस. दोन्हीकडचा मार दुभाष्याला. गोन्सालोचं सगळं आयुष्य असंच गेलं.

तो जन्मला सुमारे १५५६-५७ मध्ये. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. गुजरातच्या बहादूरशाह सुलतानाने १५३४ मध्ये ती त्यांना तहाने देऊन टाकली होती, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत ती त्यांचीच राहिली. गोन्सालोचा बाप पोर्तुगीज, आई वसईची. आईबद्दल जुन्या नोंदी एवढंच सांगतात, की ती इथली होती. म्हणजे घरात एका कानावर बापाची भाषा आणि दुसऱ्या कानावर आईची. अशा घरातलं पोर लहानपणापासूनच दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेत असणार. ते त्याला कुणी शिकवायला नको.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते. वसईत धर्मगुरू आले ते एकटे आले नाहीत, त्यांच्यामागे पोर्तुगिजांचा किल्ला आणि तोफा होत्या. गरिबांना अन्न देणारे, पोरांना शिकवणारे धर्मगुरू त्यांच्यात होते, आणि देवळं पाडण्यात पुढाकार घेणारेही होते. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत, महादेवाची. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्या लेण्यांचंच चर्च केलं. हे लपवून गोन्सालोची गोष्ट सांगता येत नाही, कारण पुढे जपानात जे घडलं त्याच्या मुळाशी हाच संशय होता.

आता ‘फ्रान्सिस्कन’ हा शब्द आला आहे तर तोही समजून घेऊ. ख्रिस्ती लोकांत जे रोमच्या पोपना मानतात ते कॅथलिक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या खानदेशात स्वीडनहून मिशनरी आले, ते प्रॉटेस्टंट. त्यांचा पंथ वेगळा. कॅथलिकांमध्ये संन्याशांचे निरनिराळे संघ असतात, जसे आपल्याकडे बैराग्यांचे आखाडे. फ्रान्सिस्कन हा जुना संघ. जाडाभरडा झगा, अनवाणी पाय, पैशाला हात लावायचा नाही आणि भिक्षा मागून राहायचं. येशूसंघ त्या मानाने नवा. शिकलेल्यांचा, शाळा चालवणारा, राजेरजवाड्यांशी बोलणारा. देव एक, पोप एक, पण वागणं फार वेगळं.

जपानात पहिल्यांदा गेले ते येशूसंघाचे फ्रान्सिस झेवियर. गोव्यात ज्यांचं शव आहे, तेच. १५४९ मध्ये ते जपानच्या दक्षिण टोकाला कागोशिमा बंदरात उतरले. भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी माणूस होता. तो पळून मलाक्क्याला आला होता आणि गोव्यात ख्रिस्ती झाला होता. झेवियरनी त्याला विचारलं असेल, आमच्या देवाला तुमच्या भाषेत काय म्हणायचं? आंजिरो काही पंडित नव्हता. त्याला सुचला तो शब्द त्याने दिला, ‘दाइनिची’. झेवियर दोन वर्षं लोकांना सांगत फिरले, दाइनिचीची भक्ती करा. बौद्ध भिक्षूंना फार आनंद झाला. का, तर दाइनिची हे त्यांच्याच पंथातल्या बुद्धाचं नाव! त्यांना वाटलं, हा लांबून आलेला माणूस आपलाच धर्म सांगतोय. घोटाळा लक्षात आल्यावर झेवियरनी घाईघाईने सांगितलं, की दाइनिचीची प्रार्थना करू नका. मग देवासाठी जपानी शब्द शोधायचं सोडून त्यांनी परकाच शब्द ठेवला. तोवर आवडीने ऐकायला येणारे भिक्षू विरोधक झाले होते.

एका शब्दाची किंमत बघा. नवीन मुलखात मिशन सुरू करायला पैसा लागतो, जहाज लागतं, राजाची परवानगी लागते, हे खरं. पण दोन्हीकडचं मन जाणणारा माणूस नसेल तर दोन वर्षं भलत्याच देवाच्या नावाने जातात.

गोन्सालो असा माणूस झाला. वसईच्या शाळेत येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे तो शिकला, आणि त्यांच्यातल्याच एकाबरोबर १५७२ मध्ये जपानला पोचला. गोवा, मलाक्का, मकाव अशी ती वाट. वारा फिरेपर्यंत एकेका बंदरात महिनोन्‌महिने थांबायचं. एवढ्या लांब गेलेल्या पोराचा निरोप आईला मिळायचा म्हणजे वर्ष-दोन वर्षं. आपल्याकडे पोरगी सुरतेला कामाला गेली आणि दोन दिवस फोन लागला नाही, तर जीव खालीवर होतो.

जपानात आठ वर्षं तो येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली होता. तिथे राहून जपानी भाषा शिकला आणि लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. लोकांचा तो आवडता होता म्हणतात. त्याची एकच मागणी होती, मला तुमच्या संघात घ्या. ती पुरी झाली नाही. तो येशूसंघाचं काम सोडून निघाला आणि व्यापारी झाला. व्यापार चांगला चालला. पूर्वेकडच्या समुद्रात त्याची ये-जा होऊ लागली आणि शेवटी तो फिलिपाइन्समध्ये मनिला शहरी आला. मनिला स्पेनच्या ताब्यात होती. तिथे त्याला फ्रान्सिस्कन भेटले. त्याने व्यापार सोडला आणि त्यांचा झगा घातला. त्यांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं. ब्रदर म्हणजे फादर नव्हे. त्याने मिस्सा म्हणायची नसते. स्वयंपाक, झाडलोट, भिक्षा, आजाऱ्यांची सेवा, ही त्याची कामं. आठ वर्षं लोकांना शिकवलेला, पाच ठिकाणचं पाणी प्यालेला, चाळिशीकडे निघालेला माणूस पंगतीत शेवटी बसला. मला वाटतं, त्याला बसायला जागा मिळाली हेच त्याला पुरे होतं.

आणि मग त्याची गरज पडली. जपानात तेव्हा सत्ता होती तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात. हा गरीब घरातला, साध्या पायदळ शिपायाचा मुलगा. लढून लढून त्याने सगळा जपान एका छत्राखाली आणला होता. १५८७ मध्ये त्याने हुकूम काढला, परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा. हुकूम निघाला, पण पोर्तुगिजांचा व्यापार त्याला हवा होता, म्हणून अंमल ढिला राहिला. येशूसंघाचे धर्मगुरू गाजावाजा न करता राहत होते. १५९२ मध्ये हिदेयोशीने कोरियावर फौज पाठवली आणि मनिलालाही निरोप धाडला, आमच्यापुढे मान झुकवा. मनिलाच्या गव्हर्नरचे धाबे दणाणले. शहर लहान, शिपाई थोडे. त्याने वकील म्हणून एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू पाठवायचं ठरवलं. त्यांचं नाव पेद्रो बाउतिस्ता, राहणारे स्पेनचे. त्यांना जपानी येत नव्हतं. ब्रदर गोन्सालोला येत होतं.

१५९३ मध्ये चौघे फ्रान्सिस्कन निघाले. हिदेयोशी तेव्हा क्यूशू बेटावर नागोया किल्ल्यात होता, कोरियाच्या लढाईसाठी. (नकाशात नागोया नावाचं मोठं शहर दिसतं ते हे नव्हे.) दरबारात सरदार रेशमी कपड्यांत, आणि समोर हे चौघे ठिगळांच्या झग्यात. हिदेयोशीने दरडावून सांगितलं, की तुमच्या मुलखाने माझी ताबेदारी मान्य करावी. पेद्रो बाउतिस्ता बोलत होते स्पॅनिशमध्ये, हिदेयोशी जपानीत, आणि मधे वसईचा गोन्सालो. जरा विचार करा. ‘हो’ म्हटलं तर मनिला गहाण पडते. ‘नाही’ म्हटलं तर मान जाते. मैत्री ठेवू, पण ताबेदारी नाही, हे त्या दरबारात अपमान न वाटता सांगायचं होतं. त्याने ते निभावलं. हिदेयोशीने त्यांना राहू दिलं. पुढे राजधानी क्योतोमध्ये जागाही मिळाली.

तिथे फ्रान्सिस्कनांचं जपानातलं मिशन उभं राहिलं. १५९४ मध्ये छोटं चर्च झालं. आणि चर्चच्या शेजारी त्यांनी दोन दवाखाने काढले, एकाला संत अॅनाचं नाव, दुसऱ्याला संत जोसेफचं. ते मुख्यतः कुष्ठरोग्यांसाठी होते. त्या काळात कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेर टाकलेला माणूस. जपानात तसं होतं, आपल्याकडेही होतं. जपानी ख्रिस्ती लोक त्या दवाखान्यांत जखमा धूत, औषध लावत. लिओ नावाचे एक गृहस्थ ते काम बघत, फ्रान्सिस नावाचे एक वैद्य मदतीला होते. माझ्या मते या मिशनचं खरं बोलणं त्या दवाखान्यांत झालं. तिथे दुभाष्याचं काम कमी पडलं असेल.

सगळं सुरळीत मात्र नव्हतं. येशूसंघ नाराज होता. १५८५ मध्ये पोपनी आज्ञा केली होती, की जपानात धर्मप्रसाराचं काम फक्त येशूसंघाने करावं. फ्रान्सिस्कनांचं म्हणणं, आम्ही वकील म्हणून आलो आणि राजाने ठेवून घेतलं. येशूसंघ म्हणे, बंदीहुकूम अजून आहे, उघड्यावर उपदेश करू नका, सगळ्यांच्या अंगावर येईल. फ्रान्सिस्कन म्हणत, लपून काय करायचं? एकाच देवाची माणसं, पण एक पोर्तुगिजांच्या आसऱ्याची, दुसरी स्पेनच्या. मला विचाराल तर धोका ओळखण्यात येशूसंघ बरोबर होता. पण दवाखाने लपूनछपून चालत नाहीत, हेही तितकंच खरं. गोन्सालो दोन्ही घरचा होता. आठ वर्षं ज्यांच्याबरोबर राहिला तेच आता त्याच्या लोकांवर रागावले होते.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोला निघालं होतं. मालाने खच्चून भरलेलं. वादळात सापडून ते ऑक्टोबरमध्ये जपानच्या तोसा किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीच्या माणसांनी सगळा माल जप्त केला. असं सांगतात, की जहाजाच्या एका अधिकाऱ्याने रागात जगाचा नकाशा उलगडला, स्पेनचं राज्य किती मोठं आहे ते दाखवलं, आणि आधी धर्मगुरू जातात, मागून फौज जाते, असं काहीसं बोलून गेला. हे खरंच घडलं की नंतर रचलं गेलं, यावरून दोन्ही संघांनी पुढे वर्षानुवर्षं एकमेकांना दोष दिला. पण ती गोष्ट लोकांना पटली, हे महत्त्वाचं. आणि का पटू नये? मनिला स्पेनने घेतली होती, गोवा आणि वसई पोर्तुगिजांच्या हातात होत्या. क्योतोतल्या त्या चार ठिगळधाऱ्यांकडे तोफ नव्हती, पण त्यांच्या मागे उभी असलेली तोफ हिदेयोशीला दिसत होती. आपल्या पाड्यात कुणी पुस्तक घेऊन आलं, औषध घेऊन आलं, योजना घेऊन आलं, तर म्हाताऱ्या बायका आधी विचारतात, याच्या मागे कोण आहे? हिदेयोशीचा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर मात्र त्याने फार क्रूर दिलं.

त्याने फर्मान काढलं. डिसेंबरमध्ये पकडापकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये २४ जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि गाड्यांवर बसवून त्यांची शहरातून धिंड काढली. मग भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेलं, सुमारे आठशे किलोमीटर, महिनाभर. आपल्याकडून नागपूर जवळ पडेल. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात घातले गेले. एकूण २६. त्यात ६ फ्रान्सिस्कन होते. चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, आणि एक आपल्या वसईचा. तिघे येशूसंघाचे, तेही जपानीच. बाकीचे साधे जपानी लोक: दवाखान्यातले लिओ आणि वैद्य फ्रान्सिस, एक धनुष्यं बनवणारे गृहस्थ, एक स्वयंपाकी.

आणि तीन मुलं. लुईस बारा वर्षांचा, अंतोनियो तेराचा, थॉमस चौदाचा. थॉमस त्या धनुष्यं बनवणाऱ्या गृहस्थांचा मुलगा, बापलेक बरोबरच चालत होते. वाटेत मिहारा गावी रात्रीच्या मुक्कामात थॉमसने आईला चिठ्ठी लिहिली. बाबा आणि मी एकत्र आहोत, आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाची. चिठ्ठी पुढे बापाच्या कपड्यांत सापडली, रक्ताने माखलेली. अंतोनियोचा बाप चिनी, आई जपानी. ते दोघे नागासाकीलाच राहत होते. टेकडीवर पोराला आणलं तेव्हा ते समोर उभे होते आणि रडत होते. पोरानेच त्यांची समजूत घातली.

एका मिश्र घरातलं ते पोर आणि दुसऱ्या मिश्र घरातून आलेला गोन्सालो, एका रांगेत. अंतोनियोची आई समोर तरी होती.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांना बांधलं आणि भाल्यांनी भोसकून मारलं. शेवटच्या वाटेवरही जपानी पहारेकरी आणि बघ्यांशी परदेशी धर्मगुरूंच्या वतीने बोलू शकणाऱ्यांपैकी एक गोन्सालो होता. वय सुमारे चाळीस. पुढच्याच वर्षी हिदेयोशी मेला. रोममध्ये १६२७ साली या २६ जणांना धन्य म्हटलं गेलं आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून जाहीर केलं. वसईत आज गासच्या चर्चला त्याचं नाव आहे, कॉलेजलाही आहे.

मिशनचं काय झालं? काही वर्षं ते तगलं. पण १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि ती कडक होत गेली. येशूचं किंवा मरियेचं चित्र जमिनीवर ठेवायचं आणि लोकांना त्यावर पाय द्यायला लावायचं. जो कचरला तो ख्रिस्ती. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. बहुतेक परदेशी जहाजांना बंदरं बंद झाली. दोनशेहून अधिक वर्षं तिथे ना चर्च, ना फादर.

तरी नागासाकीजवळच्या उराकामी खेड्यातल्या शेतकऱ्यांनी घरातल्या घरात धर्म ठेवला. उघड मूर्ती ठेवायची सोय नव्हती. बौद्धांमध्ये कान्नोन नावाची करुणेची देवता आहे. तिची लेकरू कडेवर घेतलेली मूर्ती ते ठेवत आणि मनात मरिया म्हणत. प्रार्थना तोंडपाठ चालत आल्या. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून ओळखू येईनासे झाले, पण टिकले. जात्यावर म्हटलेलं जसं टिकतं तसे.

एकोणिसाव्या शतकात जपानची बंदरं पुन्हा उघडली. नागासाकीला फ्रान्सचे धर्मगुरू आले आणि त्यांनी ओउरा इथे चर्च बांधलं. ते परदेशी लोकांसाठी. जपान्यांना बंदी होतीच. चर्चला नाव दिलं त्या २६ हुतात्म्यांचं, म्हणजे वसईच्या गोन्सालोचंही. समोरच निशिझाकाची दिशा. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामीची दहा-पंधरा माणसं दाराशी येऊन घुटमळू लागली. फादर पेतिजाँ यांनी दार उघडून त्यांना आत घेतलं आणि गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तेव्हा त्या घोळक्यातली एक पन्नाशीची बाई त्यांच्या जवळ आली, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, की आम्हा सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. मग तिने विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे? फादर उठले आणि त्यांना मूर्तीपाशी घेऊन गेले. बायका म्हणाल्या, कडेवर लेकरू आहे, तीच ही.